हवेतले पाणी, उन्हातला गॅस

गेल्या श्रावणात चार दिवस नागपूरला दादाकडे होतो. जेवताना वहिनींनी मिठाची बरणी पुढे केली. उलटी केली, थोपटली, तरी मीठ काही खाली येईना. शेवटी चमच्याच्या दांड्याने टोकरून काढावे लागले. "तांदळाचे दाणे टाकलेत हो आत, तरी मेलं दरवर्षी असंच होतं," वहिनी म्हणाल्या. मीठ ओले, पापड मऊ, काडेपेटीतली काडी पेटत नाही. पावसाळ्यातल्या या तक्रारी कोणत्या घरात नाहीत?

जेवणे झाल्यावर दादाने आपला फोन माझ्यापुढे धरला. त्यावर एक चित्रफीत होती. बेल्जियममधल्या एका विद्यापीठातले प्राध्यापक, गच्चीवरच्या साध्या सौर पॅनेलसारखेच दिसणारे एक पॅनेल, त्यातून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाशी पाण्यात उठणारे बुडबुडे. ते बुडबुडे हायड्रोजनचे. कच्चा माल काय, तर ऊन आणि हवेतला ओलावा. एवढे दाखवून झाल्यावर पडद्यावर मोठी मराठी अक्षरे आली: 'हवेतून फुकट गॅस! आता सिलिंडरला रामराम!' आणि खाली एक मोबाइल नंबर. ज्याने कोणी ती फीत जोडून पाठवली होती, तो ५१ हजार रुपये आगाऊ घेऊन तालुकावार एजन्सी देत होता.

"काय वाटतं तुला?" दादाने विचारले. तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. गच्ची मोठी आहे, हाताशी थोडा पैसा आहे, आणि स्वस्थ बसणे त्याला जमत नाही. ओटा पुसता पुसता वहिनींचा हात थांबला होता.

मी म्हणालो, "प्राध्यापक खरे आहेत, पॅनेलही खरं आहे. बाकीचं जरा वही घेऊन बघू." त्या दुपारी वहीच्या दोन पानांवर जो हिशेब झाला, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. 'पाण्यापासून गॅस' म्हटले की वाटते, पाण्यात इंधन दडलेले आहे आणि ते फक्त बाहेर काढायचे आहे. तसे नाही. हायड्रोजन जळाला की त्याचे पाणी होते. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने या वायूला जे नाव दिले, त्याचा अर्थच मुळी 'पाणी करणारा'. म्हणजे पाणी ही जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे! चुलीतल्या राखेचे पुन्हा लाकूड होत नाही, पाण्याचे मात्र पुन्हा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करता येतात. १८०० साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी व्होल्टाच्या नव्याकोऱ्या विजेरीच्या तारा पाण्यात सोडून ते केले. आपणही शाळेत दोन उभ्या नळ्यांच्या उपकरणात ते पाहिले आहे: एका नळीत जितका ऑक्सिजन, त्याच्या दुप्पट दुसरीत हायड्रोजन. पण त्यासाठी वीज खर्ची पडते, आणि हायड्रोजन जाळून जेवढी ऊर्जा मिळते त्यापेक्षा ती नेहमीच थोडी जास्त असते. तेव्हा असले कोणतेही यंत्र दिसले की 'पाणी कुठून?' हे नंतर विचारावे. आधी विचारावे, 'ऊर्जा कुठून?' जो माणूस या प्रश्नाला बगल देतो, त्याला दारातूनच नमस्कार करावा.

बेल्जियमच्या पॅनेलला मात्र या प्रश्नाची अडचण नाही. ऊर्जा उन्हातून येते, आणि किती येते तेही त्यांनी सांगितले आहे. लूव्हेनच्या विद्यापीठात प्राध्यापक योहान मार्टेन्स यांच्या चमूने सुमारे दहा वर्षे हे काम केले आणि २०१९ साली ते जगापुढे ठेवले. वरच्या बाजूला नेहमीसारखे वीज करणारे पॅनेल, आणि त्याच्या पोटात हवेतली वाफ धरून त्याच विजेने ती फोडणारी यंत्रणा. सुरुवातीला अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम ०.१ टक्का ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरत होती, ती त्यांनी १५ टक्क्यांवर नेली. साधारण १.६ चौरस मीटरचे एक पॅनेल, म्हणजे आपल्या घरच्या दारापेक्षा थोडे लहान. वर्षाची सरासरी धरली तर ते दिवसाला २५० लिटर हायड्रोजन देते. पुढे याच कामातून 'सोलहिड' नावाची कंपनीही निघाली.

अडीचशे लिटर! दादाचे डोळे चमकले ते इथेच. पण हे लिटर दुधाचे नव्हेत, वायूचे आहेत. हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू, हवेपेक्षा सुमारे चौदा पट हलका. अडीचशे लिटर हायड्रोजन तराजूत घातला तर भरतो वीस-बावीस ग्रॅम. एवढ्यातून उष्णता मिळते साधारण पाऊण युनिटाची, म्हणजे दीड हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालवण्याइतकी.

आणि त्यासाठी पाणी किती लागते? एक किलो हायड्रोजनला नऊ किलो पाणी, हा रसायनशास्त्राचा पक्का भाव. म्हणजे वीस-बावीस ग्रॅमला दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. दिवसाला एक पेलाभर पाणी, बस! मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मजेची गोष्ट हीच वाटते. आपण समजतो की हवेतून पाणी मिळवणे हीच मोठी अडचण असणार. प्रत्यक्षात या पॅनेलची तहान घरातल्या कुंडीएवढी आहे.

इथे दादाने हरकत घेतली, आणि ती रास्त होती. "बेल्जियममध्ये बारा महिने पाऊस. आमच्याकडे वैशाखात कूलरची टाकी दुपारपर्यंत कोरडी होते. त्या हवेत ओल कुठली रे?"

नागपूरकरांना कोरडी हवा काय ते कोणी शिकवायला नको. पण कोरडी म्हणजे बिनपाण्याची नव्हे. हवामानाच्या बातम्यांत आपण 'सापेक्ष आर्द्रता' ऐकतो. हवा जेवढी वाफ जास्तीत जास्त धरू शकते, त्यापैकी किती टक्के तिच्यात आहे, एवढेच त्यातून कळते. आणि हवा जितकी तापेल तितकी तिची धरण्याची ताकद वाढते. ४२ अंशांच्या हवेत २० टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम पाणी असते. बेल्जियमच्या हिवाळ्यात, ५ अंशांच्या आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत, निघते अवघे सहा ग्रॅम. म्हणजे नागपूरच्या रखरखीत मे महिन्यातली हवा लूव्हेनच्या कुंद जानेवारीपेक्षा जास्त पाणी बाळगून असते! मुंबईच्या जुलैत हा आकडा तेवीसच्या घरात जातो. दहा बाय दहाच्या खोलीत मावणाऱ्या हवेतच आपला दिवसाचा पेला भरून निघतो, आणि गच्चीवर तर वारा खेळता असतो.

दादाने स्वतः बेरीज करून पाहिली आणि मान डोलावली. पण या हिशेबात एक मेख आहे, ती सांगायलाच हवी. तापलेली हवा पाणी बाळगते खरी, पण सहजासहजी सोडत नाही. उलट आपल्याच कूलरचे पळवते. कंजूष माणसाच्या खिशात पैसे असतात तसे ते पाणी. काढून घ्यायला तितकाच चिवट घेणारा हवा.

वहिनींचे मीठ हा असाच एक घेणारा, पण साधा. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की तिच्यातली वाफ ओढून विरघळू लागते. आपल्या मिठात मॅग्नेशियमच्या क्षारांची भेसळ असली तर ते आणखी आधीच पाझरते. नव्या बुटांच्या किंवा औषधांच्या डब्यात 'खाऊ नका' असे लिहिलेली जी पुडी असते, तिच्यातले सिलिका जेल हेही त्याच कुळातले. या सगळ्यांपेक्षा हावरट म्हणजे गंधकाम्ल, स्कूटरच्या बॅटरीतले ॲसिड. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठात केविन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच वापरले. स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ घेतला, त्यात गंधकाम्ल मुरवले आणि दोन्ही बाजूंना विजेची टोके लावली. स्पंजावरून हवा जाते, आम्ल तिच्यातली वाफ ओढून घेते आणि ते पाणी तिथल्या तिथे फुटून एका बाजूने हायड्रोजन निघतो. २०२२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे उपकरण ४ टक्के आर्द्रतेच्या हवेतही चालल्याचे आहे. चार टक्के! एवढी कोरडी हवा नागपूरच काय, वाळवंटातही क्वचितच असते. त्यांचे एक उपकरण सलग बारा दिवस चालले.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठात तिसरा प्रयत्न झाला. तिथल्या संशोधकाचे नावही केविनच, केविन सिव्हुला. त्यांना वरचे वीज करणारे पॅनेलही नको आहे. झाडाचे पान जसे ऊन आणि हवा दोन्ही अंगावर घेते, तसा एकच पापुद्रा त्यांना हवा आहे. काचेच्या लोकरीसारखे बारीक तंतू दाबून-तापवून त्यांची पारदर्शक, सच्छिद्र चकती करायची, तिच्यावर वीज वाहून नेणारा थर द्यायचा आणि त्यावर ऊन शोषणारा दुसरा. २०२३ साली त्यांनी ती करून दाखवली. पण त्यातून निघणारा हायड्रोजन अजून फार थोडा आहे. प्रयोगशाळेतले बाळ म्हणायचे.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण वहिनी त्याचीच वाट पाहत होत्या. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि त्यात सुमारे १८० युनिटांची उष्णता असते. दादाकडे तो दीड महिना जातो. म्हणजे दिवसाला चार युनिट. बेल्जियमच्या उन्हात एक पॅनेल पाऊण युनिट देते. आपल्याकडे ऊन वर्षाकाठी जवळजवळ दुप्पट, तेव्हा सव्वा ते दीड युनिट धरू. तीन-चार पॅनेलांत दादाचा स्वयंपाक भागला की!

कागदावर भागला. पण तो गॅस ठेवायचा कुठे? एका सिलिंडरइतकी उष्णता द्यायला साडेपाच किलो हायड्रोजन लागतो. साध्या दाबाला त्याला साठ-पासष्ट हजार लिटर जागा लागेल. गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या आठवा, तशा साठ! हवेच्या दोनशे पट दाबाने कोंबला तरी तीनशे-साडेतीनशे लिटर. आपले नेहमीचे लाल सिलिंडर आतून तेहतीस लिटरचे असते. म्हणजे दहा सिलिंडरांएवढी जागा, तीही जाड पोलादाची, आणि कोंबण्यासाठी चालणारा पंप पुन्हा वीज खाणार.

शिवाय घरातली शेगडी त्याला चालत नाही. हायड्रोजनची ज्योत इतकी वेगाने धावते की साध्या बर्नरमधून ती उलटी नळीत शिरू शकते. दिवसाच्या उजेडात ती दिसतही नाही. आपल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास लावलेला असतो; पॅनेलमधून ताज्या निघालेल्या हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. हवेत चार टक्के मिसळला की तो पेट घेऊ शकतो. त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: आपला गॅस जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, हायड्रोजन मात्र उघड्यावर असेल तर झटकन वर निघून जातो. पण स्वयंपाकघराला छत असते.

आणि या सगळ्या खटाटोपाची गरज काय? तेवढ्याच जागेत साधी सौर पॅनेले बसवली तर ती दिवसाला पाच युनिटांच्या आसपास वीज देतील. इंडक्शनच्या शेगडीवर ती वीज ज्योतीपेक्षा अधिक कामी येते, कारण ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते. रात्रीसाठी वीज साठवायची तर बॅटरीत रुपया टाकला की चौदा आणे परत येतात. त्याच विजेचा हायड्रोजन करून त्याची पुन्हा वीज केली तर हाती पडतात पाच-सहा आणे. बाकीचे वाटेत गळतात.

मग बेल्जियमवाले वेडे आहेत का? मुळीच नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्याकडे ऊन उन्हाळ्यात आणि गरज हिवाळ्यात. घर तापवायला जी ऊर्जा लागते ती सहा महिने बॅटरीत भरून ठेवणे परवडत नाही. टाकीतला हायड्रोजन मात्र जूनमध्ये भरला तरी डिसेंबरपर्यंत तसाच राहतो. उष्णता बाहेर जाऊ न देणारे चांगले बांधलेले घर असेल, तर अशी वीस पॅनेले त्याला हिवाळाभर वीज आणि ऊब पुरवतील, असा त्यांचा अंदाज होता. आपल्याकडे डिसेंबरात दादा फार तर स्वेटर घालतो.

याचा अर्थ आपल्याला हायड्रोजन नको असा मात्र नाही. तो आपल्याला स्वयंपाकघरात नको, शेतात हवा आहे. युरियाचे ४५ किलोचे एक पोते घ्या. युरिया अमोनियापासून होतो आणि अमोनिया नायट्रोजन व हायड्रोजनपासून. हिशेब केला तर त्या एका पोत्यामागे साडेचार किलो हायड्रोजन लागतो. आज तो खत कारखान्यांत प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून काढतात. त्यातला मोठा भाग आपण परदेशातून आणतो, आणि हायड्रोजन काढताना त्यातला कार्बन धूर होऊन हवेत जातो. आपल्या उन्हात एक पॅनेल तीन-साडेतीन महिने बसून राहील तेव्हा एका पोत्याचा हायड्रोजन होईल. हे थोडे आहे की फार, ते पॅनेल किती स्वस्त होते त्यावर ठरेल. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन विजेने पाणी फोडून आणि तत्सम स्वच्छ मार्गांनी करायचा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यामागचे एक मोठे कारण हे खतच आहे.

इथे पाण्याचा प्रश्न परत येतो, पण निराळ्या रूपात. पन्नास लाख टनांना नऊ पट धरून पाणी लागेल वर्षाला ४,५०० कोटी लिटर. आकडा ऐकून छाती दडपते. पण मुंबई शहर रोज चारशे कोटी लिटरच्या आसपास पाणी वापरते, म्हणजे मुंबईच्या अकरा-बारा दिवसांचे पाणी. गाळण्या-धुण्यात वाया जाणारे धरून ते दुप्पट होऊ द्या, तरी देशाच्या मानाने फार नाही. अडचण आहे ती जागेची. ऊन रग्गड कुठे? राजस्थानात, कच्छमध्ये, मराठवाड्यात. आणि पाण्याची ओरड कुठे? तिथेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, ते आठवत असेल. स्टेशनात पाण्याची गाडी उभी असताना शेजारच्या माळावर बोअर घेऊन पाण्याचा गॅस करतो म्हणणाऱ्याला गावाने उभे केले असते का? माझ्या मते, हवेतून पाणी घेणाऱ्या यंत्राची खरी जागा अशाच माळावर आहे. ना नळ, ना बोअर, ना हंड्यांच्या रांगेशी भांडण.

"पण सगळ्यांनीच हवेतली ओल ओढली तर पाऊस कमी नाही का होणार?" वहिनींनी विचारले. प्रश्न चांगला होता. अंगणातले आंब्याचे मोठे झाड उन्हाळ्याच्या दिवसात कितीतरी घागरी पाणी हवेत सोडते, आणि पॅनेल घेते पेलाभर. शिवाय तो हायड्रोजन जेव्हा केव्हा जळतो, तेव्हा पेला जसाच्या तसा हवेला परत मिळतो.

संध्याकाळी दादाने त्या मोबाइल नंबरावर फोन लावला. माझ्या सांगण्यावरून एकच गोष्ट विचारली: "विदर्भात चालू असलेलं एक पॅनेल कुठे बघायला मिळेल?" पलीकडचा गृहस्थ आधी म्हणाला, माल बंदरात आहे. मग म्हणाला, आधी बुकिंग करा, मग दाखवतो. दादाने पुन्हा विचारले तेव्हा फोन कट झाला. वहिनींनी फडके धुऊन वाळत टाकले.

दादाचे स्वस्थ बसणे अर्थातच झाले नाही. २०२४ साली सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घराच्या छतावरच्या ३ किलोवॅटच्या सौर संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान ठरले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेप घेऊन गच्ची मोजायला गेला. आंब्याची सावली कुठवर येते ते त्याने खडूने आखून ठेवले. परवा त्याचा फोन आला. संच बसला, ऊन चांगले असले की दिवसाला बारा युनिट पडतात, आणि वहिनींनी इंडक्शनवर पहिल्यांदा पुरणपोळी केली. तवा तेवढा बदलावा लागला.

फोन ठेवता ठेवता म्हणाला, "अरे, त्या माणसाची नवी चित्रफीत आली आहे. आता तो समुद्राच्या पाण्यापासून डिझेल काढतोय. हिशेब करून ठेव, दिवाळीला येतोस ना?"